धाकटीचे चोपन्न दिवस

२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मी फोनवर "हं" आणि "बरं" एवढंच बोलते, तेव्हा कामाचं काही असेल तर ईमेलवर पत्र लिही, पत्रात निदान वाक्यं पूर्ण करतेस, अशी निवृत्त होताना तुझी आज्ञा होती. ती पाळते आहे. आधी खुशाली: मी ठीक, आई-बाबा ठीक, तुझी खुर्ची आता माझ्याकडे आहे आणि ती अजूनही फक्त डावीकडे फिरते.

आता काम. आपल्या मशीनच्या कंपनीने सुरक्षेची एक दुरुस्ती पाठवली आहे. ती बसवल्यावर मशीनचा प्रत्येक कप्पा एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल. तपासणीवाले एप्रिलमध्ये येतात, म्हणजे मार्चअखेर हे व्हायला हवं. कोणता कप्पा कधी बंद करायचा आणि कोणत्या क्रमाने, हे अधीक्षकांनी माझ्यावर सोपवलं आहे. कागदावर सहीही माझीच असेल.

आतोबा हे पत्र तुझ्या खांद्यावरून वाचत असणार, म्हणून एक परिच्छेद त्यांच्यासाठी. आतोबा, हॉस्पिटलात सगळ्या नोंदी ठेवणारं मोठं कॉम्प्युटरचं मशीन एकच आहे, कपाटाएवढं. पण आत त्याचे चार कप्पे पाडलेले आहेत आणि प्रत्येक कप्पा स्वतःला स्वतंत्र मशीन समजतो. घर एक, चुली चार. एक बंद केला तरी बाकीच्या तिघांना पत्ता लागत नाही. आत्याने त्यांना नावं दिली आहेत. थोरली रुग्णांची नोंदणी सांभाळते, मधली औषधांचा साठा, धाकटी रक्तपेढी आणि शेंडेफळ पगार. ही नावं कुठल्याही कागदावर नाहीत, आणि हॉस्पिटलात दुसरी कुठलीही नावं कुणाला कळत नाहीत.

मशीन वर्षानुवर्षं चालू राहिलं की ते चालू राहतं एवढंच आपल्याला कळतं. बंद केल्यावर पुन्हा उठेल का, हे कळत नाही. मधल्या काळात कुणीतरी काहीतरी हाताने सुरू करून ठेवलेलं असतं, आणि ते आपोआप सुरू होणार नसतं. म्हणून मी आज प्रत्येक कप्प्याचा अपटाइम पाहिला, म्हणजे तो शेवटचा सुरू केल्याला किती दिवस झाले ते. थोरली, मधली आणि शेंडेफळ एक हजार अठ्ठेचाळीस दिवस सांगतात. मशीनच्या खोलीच्या दारावर तू लावलेल्या "न थांबता चालू" या फळ्यावरही आज तोच आकडा आहे.

धाकटी चोपन्न सांगते.

मोजून मागे गेलं की ४ जानेवारी येतो. तेव्हा तूच प्रमुख होतीस. तर, ४ जानेवारीला धाकटी कशामुळे बंद करावी लागली? माझ्या दृष्टीने ही चांगलीच बातमी आहे. जी दोन महिन्यांपूर्वी धडपणे उठली ती पुन्हा उठेल. रक्तपेढी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देत नाही, म्हणून धाकटीला सगळ्यात आधी घ्यावं असा विचार आहे. कळव.

तुझी,
भाची

१ मार्च

चिरंजीव भाचीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन कापून घेतले आहेत, का ते पुढे येईलच.

इकडे मजेत. मी पोहायला शिकते आहे. शिकवणारी मुलगी तुझ्याच वयाची आहे, पण हसते. ती म्हणते, "काकू, पाण्याशी भांडू नका, पाणी तुमचंच आहे." मी म्हटलं, अगं, आपल्याच माणसांशी भांडायचं असतं, परक्यांशी कोण भांडतं? काल मी कठडा सोडून चार हात मारले. पाचव्याला आतोबांनी काठावरून टाळ्या वाजवल्या, मी त्यांच्याकडे बघायला गेले आणि तळ गाठला.

आता तुझी धाकटी. ४ जानेवारीला ती बंद झाली नव्हती. ३ ला नाही आणि ५ लाही नाही. एप्रिलच्या मध्यात नवीन खोलीत मशीन आलं, चौघींना मी एका दुपारी सुरू केलं, त्याला आता तीन वर्षं होतील. त्यानंतर एकीलाही झोपवलेलं नाही. फळ्यावरचा आकडा रोज सकाळी मी स्वतः बदलला आहे. हजाराव्या दिवशी अधीक्षकांनी केक कापला आणि पहिला तुकडा मशीनला भरवायला निघाले, तेव्हा त्यांचा हात कुणी धरला? मी. क्रीम जाळीत जाऊ दिलं नाही, आणि तुला वाटतं मी धाकटीला मध्येच बंद होऊ दिलं असतं?

आकडा नीट बघ. चष्म्याचा नंबर वाढला असेल. दोन आशीर्वाद कापले ते यासाठी.

आतोबा विचारतात, "एक घर, चार चुली" तर सासू कोण? मी सांगितलं, तुमची भाची.

तुझी,
आत्या

२ मार्च

प्रिय आत्या,

चष्म्याचा नंबर तोच आहे. आकडा तीनदा पाहिला, दोन वेगवेगळ्या ठिकाणाहून.

तू नाही म्हणतेस, मशीन हो म्हणतं. खात्रीसाठी धाकटीच्या जुन्या नोंदी काढायला गेले, पण तिच्यात जागा कमी म्हणून पंधरा दिवसांपलीकडच्या नोंदी ती आपोआप पुसते. ही सोय तूच केली होतीस.

मग दाराच्या कार्डाची नोंद काढली. ४ जानेवारीला रविवार होता. त्या दिवशी मशीनच्या खोलीत एकच व्यक्ती आली, दुपारी आत आणि संध्याकाळी बाहेर. कार्ड तुझं आहे. हजारावा दिवस सहा दिवसांवर होता. मी काही निष्कर्ष काढत नाही, नोंद सांगते आहे.

कप्पा बंद पडणं हा गुन्हा नाही. मला फक्त कारण हवं होतं. ते न मिळाल्यामुळे योजनेच्या कागदावर धाकटीपुढे "शेवटची सुरुवात: ४ जानेवारी" असं लिहून अधीक्षकांना दिलं आहे. पहिला नंबर तिचाच, १५ मार्चच्या रविवारी दुपारी. अधीक्षकांनी कागद वाचला, दारावरच्या फळ्याकडे पाहिलं आणि तो उलटा करून ठेवायला सांगितला. तो मी केला.

पोहताना मान वर ठेवू नये म्हणतात. खांदे दुखतात.

तुझी,
भाची

३ मार्च

भाचीबाईंस,

आपलं पत्र पोहोचलं. आपण निष्कर्ष काढत नाही हे वाचून समाधान झालं.

काल अधीक्षकसाहेबांचा फोन आला होता. फार गोड बोलले. "असू दे हो बाई, होतं असं, फळा काय, शोभेचाच होता," म्हणाले. पस्तीस वर्षं नोकरी केली, इतक्या गोड आवाजात मला कुणी कधी खोटारडी म्हटलं नव्हतं.

रविवारी मी तिथे काय करत होते ते माझं मी बघून घेईन. धाकटीला हात लावला नव्हता, हे एकदा सांगितलं आहे. मी एक गोष्ट दोनदा सांगत नसते. आपल्या वडिलांना विचारावं, माझ्या पाठचे आहेत, त्यांना लहानपणापासून माहीत आहे.

मान वर ठेवूनच पोहते. ठेवणार.

आपली,
निवृत्त

९ मार्च

बाळ,

हे पत्र मी लिहितो आहे, आतोबा. तुझी आत्या तलावावर गेली आहे. हल्ली रोज दोन वेळा जाते. शिकवणारी म्हणते, काकूंची प्रगती थक्क करणारी आहे, पण पाण्याला मार लागतो.

सहा दिवसांत घरात मशीनचा विषय निघालेला नाही. लग्न झाल्यापासून मी याच शांततेची वाट बघत होतो, आणि आता ती आली तर मला जेवण जाईना. काल मी मुद्दाम विचारलं, "ती धाकटी म्हणजे रक्ताची की औषधांची?" तर म्हणाली, "मीठ द्या."

तुला एक सांगतो. मी सांगितलं हे तिला कळता कामा नये. ती रविवारी तिकडे गाणं म्हणायला जायची. हसू नकोस. मशीनच्या पंख्यांचा एक सूर सारखा लागलेला असतो म्हणे, जराही न ढळणारा, आणि त्यात सूर मिसळून गायला फार बरं वाटतं म्हणे. रविवारी तिथे कुणी नसतं. घरी का गात नाही, तर लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी "शेजारी काय म्हणतील" असं एकदा म्हणालो होतो. एकदाच. ते तेवढं पुरलं. निवृत्ती जवळ आली तसे तिने एकेक रविवार गाठायला सुरुवात केली. मुलीच्या वयाची भाची हाताखाली, तिला कसं सांगणार की मी मशीनपुढे उभी राहून गाते? म्हणून मिठाची गुळणी धरून बसली आहे.

तुमच्या त्या आकड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. मशीन चोपन्न म्हणतं तर त्याचंही काही कारण असेल. पण हिच्याबद्दल मला कळतं. ही रागावते, तिळाचा ताड करते, आणि बुद्धिबळात माझं लक्ष नसताना घोडा सरकवते. पण सरकवला की "सरकवला" म्हणून सांगते, वर आणि हसते. न केलेलं केलं म्हणणार नाही, आणि केलेलं नाही केलं असं तर जन्मात म्हणणार नाही.

फाटक वाजलं. थांबतो.

आतोबा

११ मार्च

प्रिय आत्या,

तुझं म्हणणं बरोबर होतं. धाकटी ४ जानेवारीला बंद झाली नव्हती. मी चुकले, आणि ती चूक कागदावर लिहून दुसऱ्याला दिली, हे त्याहून वाईट. माफ कर.

काय झालं ते सांगते. इतके दिवस, तू चुकली असशील तर त्याचा पुरावा कुठे मिळेल, हे मी शोधत होते. काल पहिल्यांदा उलटा प्रश्न घेतला: तू बरोबर असशील तर धाकटीत काय दिसायला हवं?

प्रत्येक कप्प्यात तात्पुरत्या फाइली ठेवायची एक जागा असते. कप्पा सुरू होताना पहिलं काम म्हणून ती जागा झाडून रिकामी करतो. धाकटी ४ जानेवारीला उठली असती तर तिथे त्याआधीचं काहीच उरलं नसतं. मी ती जागा उघडली. दोन वर्षांपूर्वीच्या फाइली होत्या, अडीच वर्षांपूर्वीच्याही. म्हणजे अडीच वर्षांत तिथे केरसुणी फिरलेली नाही. म्हणजे धाकटी तेव्हापासून उठलेलीच नाही, कारण झोपलेलीच नाही.

मग चोपन्न कुठून आले? २७ तारखेच्या फळ्यावरच्या आकड्यातून चोपन्न वजा केले. नऊशे चौऱ्याण्णव उरले. त्याचे निम्मे चारशे सत्त्याण्णव. हा आकडा पाहिला आणि मी कपाळाला हात लावला. कॉलेजात दुसऱ्या वर्षी तो आम्हाला शिकवला होता, परीक्षेत मी लिहिलाही होता. जुन्या प्रणाल्या दिवस मोजत नाहीत, सेकंदाचे शंभरावे भाग मोजतात, आणि ते मोजायला त्यांना ठरावीकच घरं दिलेली असतात. चारशे सत्त्याण्णव दिवसांनी घरं भरतात आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर शून्यावर जातो, तसंच. स्कूटर नवी होत नाही. बाकीच्या तिघींची प्रणाली नवी आहे, त्यांना घरं भरपूर आहेत. रक्तपेढीचा प्रोग्राम जुना, म्हणून धाकटीला जुन्याच प्रणालीवर ठेवलेलं. तिचा काटा दोनदा फिरून गेला. दुसऱ्यांदा फिरला तो दिवस ४ जानेवारी.

यातून पुढचं निघतं, आणि त्याने माझी झोप उडाली. सगळ्यात खात्रीची म्हणून जिला मी पहिली घेणार होते, तीच सगळ्यात बेभरवशाची आहे. येत्या रविवारी अर्ध्या तासाच्या भरवशावर मी तिला बंद केलं असतं.

कागद बदलला आहे. अधीक्षकांना कारण सांगितलं, त्यांना स्कूटर लगेच कळली. फळा सुलटा केला आहे. १५ ला थोरली, मधली आणि शेंडेफळ. धाकटी शेवटी, २२ ला.

एक मदत हवी आहे. धाकटीत आत्ता काय काय चालू आहे, आणि उठल्यावर आपोआप काय काय सुरू होईल, या दोन याद्या मी शेजारी ठेवल्या. पहिल्या यादीत एक प्रोग्राम जास्त आहे. त्याचं नाव नुसतं "सात". तो काय करतो ते कुठेही लिहिलेलं नाही. तुला आठवतं का?

उत्तर द्यायचं नसेल तर निदान आतोबांशी मीठ सोडून दुसरं काही बोल.

तुझी,
भाची

१३ मार्च

चिरंजीव भाचीस,

कापलेले दोन आशीर्वाद परत. वर एक जास्तीचा, स्कूटरसाठी.

माफी दोन शब्दांत आटोपलीस. हरकत नाही. तुझ्या बाबांनी माझी सायकल मोडली तेव्हा नुसतं नाक ओढलं होतं, म्हणजे घराणं सुधारतं आहे. पण तो उलटा प्रश्न तू स्वतःहून विचारलास, यावर माझा विश्वास बसत नाही. आतोबांनी तुला पत्र लिहिलं हे मला माहीत आहे. ते माझ्याच ईमेलच्या खात्यातून लिहितात आणि पाठवलेली पत्रं तिथेच राहतात, हे त्यांना अजून कळलेलं नाही. कळवू नकोस. मला त्यातून बरंच समजत असतं. गाण्याचं तू वाचलंस, आता विसरून जा. घरी मी काल स्वयंपाकघरात जरा गुणगुणले, तर हे उठून गेले. मला वाटलं, झालं! तर खिडक्या उघडायला गेले होते.

आता "सात". बरं झालं विचारलंस. रक्तपेढीत पिशव्यांवरची लेबलं छापायला सहा प्रिंटर होते. सातवा नंतर घेतला, रक्त देण्याच्या खिडकीजवळचा. तोवर प्रोग्राम बनवणारी कंपनी बंद पडलेली. मग मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला, लेबल उचलून सातव्याकडे नेऊन देणारा, आणि हाताने सुरू केला. आपोआप उठणाऱ्यांच्या यादीत घातला नाही. कारण धाकटीला एकदा बंद करून खात्री करून घेऊ या, असं मी म्हटलं की वरचे सगळे "आत्ता नको" म्हणायचे. आणि ज्याची खात्री केली नाही ते यादीत घालायचं नाही, हा माझा नियम. आता ते सहाही प्रिंटर भंगारात गेले आहेत ना? म्हणजे सगळी लेबलं सातव्यातूनच निघतात. "सात" उठला नाही तर लेबल नाही, आणि लेबल नसलेली पिशवी खिडकीतून बाहेर जात नाही.

तो कुठे ठेवला आहे, कसा सुरू करायचा, ते खाली लिहिलं आहे. यादीत घाल, आणि आधी त्याची नक्कल थोरलीवर ठेवून खोट्या लेबलाने तालीम कर.

२२ ला येतेस का असं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते: येणार नाही. मी दारात दिसले की सगळे म्हणतील, शेवटी आत्यानेच केलं. तुला प्रमुख म्हणून कायम करायचं की नाही ते याच महिन्यात ठरायचं आहे, हे तू मला लिहिलं नाहीस. अधीक्षकांनी सांगितलं, त्या गोड फोनमध्ये.

तुझी,
आत्या

१६ मार्च

प्रिय आत्या,

काल तिघी झाल्या. थोरली सहा मिनिटांत उठली. मधली पाच. शेंडेफळ उठली, पण घड्याळ तासभर पुढे घेऊन. ते मी लगेच नीट केलं, तरी आज सकाळपासून पगार जास्त येणार की कमी, अशी चौकशी करायला अकरा जण येऊन गेले.

फळा काढला आहे. अधीक्षक म्हणाले, पुन्हा एकपासून सुरू करा. मी सांगितलं, नको. आता दर तीन महिन्यांनी प्रत्येकीला एकदा बंद करून उठवायचं, मोठा आकडा होऊच द्यायचा नाही. त्यांना वाईट वाटलं. पाहुण्यांना काय दाखवू, म्हणाले.

"सात"ची तालीम थोरलीवर झाली. लेबल निघालं. मी त्यावर रक्तगटाच्या जागी तुझं नाव घातलं होतं, आणि ते रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंच्या हाती लागलं. त्या म्हणाल्या, हा गट दुर्मिळ आहे, जपून ठेवा.

डॉक्टरबाईंकडे मी अर्ध्या तासाऐवजी दोन तास मागितले. त्यांनी दीड दिला. तेवढा वेळ लेबलं हाताने लिहायची, दोघांनी वाचून सह्या करायच्या. मी घाबरलेली नाही.

कायम होण्याचं लिहिलं नाही, कारण त्याचा क्रम ठरवण्याशी संबंध नव्हता.

तुझी,
भाची

१८ मार्च

चिरंजीव भाचीस,

"मी घाबरलेली नाही" हे वाक्य त्या पत्रात कुणी विचारलं नव्हतं.

घाबर. चांगलं असतं. मी पस्तीस वर्षं रोज सकाळी मशीनच्या खोलीच्या दाराशी क्षणभर थांबून आवाज ऐकायचे आणि मगच आत जायचे. फक्त एक लक्षात ठेव. ती उठायला वेळ लावेल तेव्हा तुझ्याभोवती चार माणसं जमतील, आणि प्रत्येकाला काहीतरी दाबून बघायचं असेल. कुणाला काही दाबू देऊ नकोस. स्वतःला तर नाहीच.

तुझी,
आत्या

२३ मार्च

प्रिय आत्या,

काल दुपारी फोनवर मी "झालं" एवढंच म्हणाले आणि तू तेवढ्यावर सोडलंस, त्याबद्दल आभारी आहे. आता पूर्ण वाक्यांत.

जेवणाच्या सुट्टीनंतर धाकटीला बंद केलं. शांतपणे गेली. मग सुरू केलं, आणि पडद्यावर एक ओळ आली: या डिस्कची फार दिवसांत तपासणी झालेली नाही, आता करत आहे. पुढे टक्के. एक. बराच वेळ एकच. मग दोन. मला हे सुचायला हवं होतं. इतक्या काळानंतर उठणारी कुठलीही प्रणाली आधी आपले हातपाय चाचपते. बाकीच्या तिघींची प्रणाली नवी, त्यांनी ते मिनिटभरात उरकलं होतं. धाकटीची जुनी, म्हणून हळू.

अर्धा तास संपला तेव्हा टक्के एकतीस होते. त्याच सुमाराला शस्त्रक्रिया विभागातून चार पिशव्यांची मागणी आली. डॉक्टरबाई खिडकीशी बसून लेबलं लिहायला लागल्या. एक लिहायचं, तंत्रज्ञाने मोठ्याने वाचायचं, दोघांनी सह्या करायच्या, मग दुसरं. मी काचेतून बघत होते. त्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे हे मला माहीत नव्हतं. वेळ लागत होता, आणि दारात एक नर्स पाय बदलत उभी होती.

तू म्हणालीस तशी माणसं जमली. अधीक्षकही आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "अडकलंय हे."

"अडकलेलं नाही. तपासतंय."

"बंद करून परत चालू करा ना. माझा फोन असाच ठीक होतो."

"तपासणी मध्येच तोडली तर डिस्क खराब होऊ शकते. मग आज उठणार नाही. उद्याही नाही."

"आणि तोडली नाही तर किती वेळ?"

"याच वेगाने गेली तर आणखी तासभर."

"दीड तासाच्या वर जाईल मग."

"हो."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या जागी मी असतो तर काहीतरी केलं असतं."

आत्या, माझा हात टेबलावर होता आणि बटण हाताच्या अंतरावर. मला त्या क्षणी काहीतरी करायची इतकी इच्छा झाली की मी दोन्ही हात खुर्चीखाली घालून त्यावर बसले. शब्दशः. तुझ्या खुर्चीवर, तळहात खाली. मी म्हणाले, "मी वाट बघणं करते आहे." हे बोलताना आवाज कसा निघाला माहीत नाही, पण अधीक्षक गेले आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. मला कप धरता येईना, कारण हात काढायची हिंमत नव्हती. तो त्यांनीच प्यायला.

ठरलेल्यापेक्षा सोळा मिनिटं जास्त लागली. मग टक्के संपले, ओळी भराभर वर सरकल्या आणि धाकटी उठली. "सात" तिच्याबरोबर उठला. मी रक्तपेढीत धावत गेले. मी धावत नाही, तुला माहीत आहे. सातव्या प्रिंटरने खरखर केली आणि लेबल बाहेर टाकलं. डॉक्टरबाईंनी ते हाताने लिहिलेल्या शेवटच्या लेबलाशेजारी धरलं, अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं, आणि म्हणाल्या, "माझं जास्त छान आहे. पण चालेल." चार पिशव्या त्याआधीच वर गेल्या होत्या. रुग्ण ठीक आहे, आज सकाळी चौकशी केली.

मग मी भांडाराच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि दहा मिनिटं खोक्यावर बसले. हे फक्त तुला.

आज अहवाल दिला. तपासणीवाल्यांच्या नमुन्यात प्रत्येक कप्प्यापुढे "यापूर्वी केव्हा सुरू केला" असा रकाना आहे आणि त्यापुढे "आधार". बाकीच्या तिघींपुढे मी "अपटाइम" लिहिलं. धाकटीपुढे तारीख तीच लिहिली, एप्रिलच्या मध्यातली. आधारासाठी माझ्याकडे जुन्या फाइली होत्या आणि वजाबाकी होती, पण जागा एकाच ओळीची होती. मी लिहिलं, "आधीच्या प्रमुखांनी सांगितलं".

अधीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "एवढं पुरेल?"

"हो," मी म्हटलं. "मी तपासून पाहिलं आहे. पुरतं."

तुझी,
भाची